नावाडिणीचं पुढे काय झालं

या वयात ड्रॅगन आणि अंतराळयानं कशाला वाचता, असं कुणी विचारलं की मी सांगतो, निवृत्तीनंतर वेळ जात नाही. खरं कारण सांगायचं मी इतके दिवस टाळलं आहे. आताही लिहायला बसण्याआधी मी सिलेंडर बुक केला, चष्मा पुसला आणि समोरच्या बांधकामावर सिमेंटची पोती उतरवणाऱ्या माणसांकडे बराच वेळ बघत बसलो.

वेळ जात नाही हे तर खोटंच आहे. गेल्या दोन वर्षांत मी पुष्कळ वाचलं, पुष्कळ पाहिलं. दोन सूर्य असलेल्या ग्रहावरच्या शेतकऱ्यांची एक कादंबरी वाचली. तिथे रात्र होतच नाही, म्हणून झोप आली की लोक जमिनीखाली जातात. ते लोक मला ओळखीचे वाटले. एका यंत्रमानवाने सांभाळलेल्या मुलाचा सिनेमा पाहिला. चांगला असावा, मला मध्येच झोप लागली. कालप्रवासाचे सिनेमे मात्र मी सोडून दिले आहेत. त्यांत कुणीतरी मागे जातो आणि आपली चूक दुरुस्त करून येतो. परवा अशाच एका सिनेमाच्या मध्यंतरात उठलो तो परत आत गेलोच नाही. बाहेर बाकावर बसून राहिलो. तिथे एसीचा वारा बरा येत होता.

हे वेड मुळात माझं नाही. माझ्या थोरल्या बहिणीचं आहे. इथे मी कुणाचीच नावं लिहिणार नाही. का, ते पुढे कळेल.

ताई महापालिकेच्या शाळेत भूगोल शिकवायची. शाळेत पृथ्वी शिकवायची आणि घरी आली की पृथ्वी सोडून बाकी सगळीकडचं वाचायची. चंद्रावरची माणसं, समुद्राखालची शहरं, बोलणारी झाडं. लहानपणी मी तिला विचारलं होतं, हे सगळं खोटं असतं ना, मग का वाचतेस? ती म्हणाली, "तिकडे कुणी पूर्ण नाव सांगा म्हणत नाही."

मी लहान असताना आमच्या आईवडिलांनी धम्म स्वीकारला. आईने घरातले देव काढले, वडील बुद्धाची तसबीर घेऊन आले. पण आडनाव तेच राहिलं. ते ऐकल्यावर समोरच्या माणसाचा जो अर्धा क्षण जातो, तो ताईने शाळेत पाहिला, नोकरीत पाहिला, भाड्याची खोली शोधताना पाहिला. पुण्यात कुणी वाईट बोलत नाही. नुसतं "अच्छा, अच्छा" म्हणतात. ताई त्या 'अच्छा'ची हुबेहूब नक्कल करायची आणि आम्ही हसायचो.

निवृत्तीनंतर ती बिबवेवाडीला मुलाकडे राहायची. तिथे काचबिंदूने तिची नजर गेली, आधी एका डोळ्याची, मग दुसऱ्याची. नातीने तिला मोबाइलवर पुस्तकं लावून दिली. ताईने दोन दिवस ऐकलं आणि म्हणाली, "ही बाई विमान सुटल्याची घोषणा करते तशी वाचते. आणि इंग्रजी इतकं फाडफाड की मला दम लागतो." म्हणून मी म्हणालो, मी येतो वाचायला. माझी नोकरी दूरध्वनी खात्यात झाली, इंग्रजी बरं आहे. मी राहतो हडपसरला. आठवड्यातून दोनदा गाडीतळावरून बस धरायची, स्वारगेटला बदलायची आणि बिबवेवाडीला उतरायचं, असं सुरू झालं.

तिला हवी होती ती कादंबरी पाच खंडांची होती. एकेक खंड विटेएवढा. दोन राज्यं, मध्ये मोठं सरोवर, डोंगरात ड्रॅगन. मी एक वाक्य मनात इंग्रजीत वाचायचो आणि मोठ्याने मराठीत सांगायचो. पहिल्याच दिवशी ताईने अडवलं.

"ड्रॅगनला अजगर काय म्हणतोस रे? अजगर मांजरी गावाला उसाच्या फडात निघतो."

"मग काय म्हणू? सर्पराज?"

"सर्पराज म्हणे! चिटफंडाचं नाव वाटतं. ड्रॅगनच म्हण. सगळ्याचं मराठी केलंच पाहिजे असा काही सरकारी आदेश आहे का?"

सरोवरावर एक बाई होती, लोकांना या काठावरून त्या काठावर नेणारी. तिला मी नावाडीण म्हटलं. हा शब्द ताईला पसंत पडला.

"हिचं नाव काय?" तिने विचारलं.

"दिलेलंच नाही. सगळे नुसतं नावाडीण म्हणतात."

ताईने 'नावाडीण' हा शब्द स्वतःशी एकदा म्हणून पाहिला. मग म्हणाली, "म्हणजे हिच्याकडे नाव आहे, पण नाव नाही," आणि स्वतःच्याच विनोदावर इतकी हसली की तिला ठसका लागला. सून पाणी घेऊन धावत आली. इंग्रजीत हा विनोद होऊच शकत नाही. मूळ लेखकाला तो माहीतही नसेल. तो ताईचा आहे.

त्या दिवसापासून मी चपला काढायच्या आत तिचा प्रश्न यायचा, "आज आपली बाई आहे का?"

माझी अडचण अशी की मला हे काहीही आवडत नव्हतं. मी कर्तव्य म्हणून जात होतो, आणि कर्तव्याला आलेल्या माणसाच्या आवाजात जे असतं ते मी लपवतोय असं मला वाटायचं. त्यातही नावाडिणीची प्रकरणं सगळ्यांत संथ. पाण्याचा रंग, वल्ह्याचं वजन, काठावर थांबलेल्या लोकांचे पाय. युद्ध निदान लवकर संपायचं.

तो उन्हाळ्यातला दिवस होता. बस वाटेत बंद पडली, मागची भरून आली. मी स्वारगेटपर्यंत उभा राहून गेलो. गुडघे बोलत होते. ताईकडे पोहोचलो तर पुढचं प्रकरण नावाडिणीचं, आणि पानं उलटून पाहिली तर ते संपता संपत नव्हतं. सरोवरावर वादळ येतं असं सुरुवातीला होतं.

"वादळ आलं," मी म्हणालो. एवढं पुस्तकात होतं.

"मग?"

"नाव उलटली. ती बुडाली." हे पुस्तकात नव्हतं.

"कोण?"

"नावाडीण."

वरचा पंखा कुरकुरत होता. ताईने मांडीवरची उशी सरळ केली. "तिला पोहता येत होतं की," ती म्हणाली.

"वादळ होतं ना ताई."

"हं." मग, "आज पुरे. जा तू, उशीर नको करू. बसला गर्दी होते."

परतीच्या बसमध्ये मला खिडकीची जागा मिळाली. मला बरं वाटलं होतं. ते बरं वाटणं मला अजून आठवतं, आणि मला सगळ्यात जास्त तेच छळतं.

पुढच्या वेळी ताईने विचारलं, "सापडली का रे?"

"कोण?"

"ती."

"नाही."

अशा कथांमध्ये मेलेली माणसं परत येतात, हे आता मला पक्कं माहीत आहे. एक वाक्य पुरलं असतं. काठावर शुद्धीवर आली, एवढंच. पण मला वाटलं, आता परत आणली तर ताईला शंका येईल. आणि खरं सांगायचं तर सोयीचं होतं. नावाडीण गेल्यावर तिची सगळी प्रकरणं गेली. जिथे ती दिसेल तिथून मी पुढच्या प्रकरणावर उडी मारायचो. ताई ऐकायची, पण आता ती शब्दांसाठी मध्ये अडवत नव्हती. मी एखाद्या प्राण्याला काहीही म्हटलं तरी चालत होतं.

पाचवा खंड मी मिटला आणि म्हणालो, संपलं. ताईने हात पुढे करून पुस्तक मागितलं. मी बोट घातलं होतं तिथे तिने चाचपून पाहिलं.

"एवढी पानं उरली असताना संपलं कसं?"

"मागे वंशावळी आहेत. राजघराण्यांच्या."

"वंशावळी होय? मग राहू दे," ती म्हणाली आणि पुस्तक परत दिलं.

ताई गेली त्याला दोन वर्षं होतील. बुद्धवंदना झाली, माणसं पांगली. तिच्या खोलीतले पाचही खंड मी पिशवीत घालून घरी आणले, कारण त्या घरात ते कुणी वाचणार नव्हतं. काही दिवस ते टीव्हीखाली पडून होते. मग मी उड्या मारलेली पानं वाचायला घेतली. नंतर पहिल्यापासून सगळंच वाचलं. तेव्हापासून मी या असल्या गोष्टींचा वाचक झालो. ताईने आयुष्यभर सांगून जे झालं नाही, ते तिच्या माघारी झालं.

नाव उलटत नाही. वादळात नावाडीण रात्रभर वल्हं मारते आणि सगळ्यांना पलीकडे उतरवते. लढाईत कोण मरतं, कोण गादीवर बसतं, ते सगळं तिच्या त्या एका खेपेमुळे ठरतं. ते गाळून मी ताईला जे ऐकवलं त्याला काही अर्थच उरत नाही, आणि तरी ती ऐकत राहिली. अगदी शेवटी नवी राणी सन्मानितांच्या यादीत तिला घ्यायचं ठरवते. दरबारी विचारतो, नाव काय, घराणं कुठलं? नावाडीण म्हणते, पलीकडच्या काठाची, एवढं लिहा. पुढचं विचारायला तो मान वर करतो तर ती निघून गेलेली असते.

हे ताईसाठी लिहिलेलं पान होतं. तिने पुस्तक चाचपलं तेव्हा ते तिच्या बोटांखाली होतं.

मागच्या महिन्यात या कादंबरीवरचा सिनेमा आला. ताईची नात मला घेऊन गेली, हडपसरच्या मॉलमध्ये, सकाळच्या खेळाला. ती आयटीत आहे, तिला त्या दिवशी सुट्टी होती.

"मामाआजोबा, थ्रीडीचा चष्मा तुमच्या चष्म्यावर बसतोय ना नीट? आणि तुम्ही बुक वाचलंय, सो प्लीज स्पॉयलर द्यायचा नाही हां."

मी दोन्ही चष्मे नाकावर सरळ केले. पडद्यावर नावाडीण आली. मला वाटली होती त्याहून ती वयाने लहान होती. वादळाच्या प्रसंगात आवाज इतका होता की माझ्या छातीत धडधडलं. नाव कलली, भरली, आणि सरळ झाली.

सिनेमा सुटल्यावर आम्ही खाली समोसे घेऊन बसलो.

"पण आजी तर म्हणायची ती मरते," नात म्हणाली. "तिने मला अख्खी स्टोरी सांगितली होती. बोट उलटते आणि ती बुडते. मी तर रडले होते तेव्हा."

"सिनेमावाले बदलतात," मी म्हणालो.

तिने मोबाइल काढला. "नाही ओ, बुकमध्ये पण जगते. एंडपर्यंत आहे ती." मग तिने मोबाइल खाली ठेवला आणि हळूच म्हणाली, "आजीचं ना, लास्टला सगळं मिक्स व्हायला लागलं होतं. पप्पा पण म्हणायचे, तिला ऐकलेलं धड आठवत नाही आता. बिचारी."

मी समोशाच्या कागदाची घडी घालत होतो.

"वय झालं की होतं असं," मी म्हणालो.

म्हणजे आधी मी ताईची नावाडीण बुडवली आणि आता ताईची बुद्धी. तीही समोसा खाता खाता. त्या रात्री ठरवलं, हे लिहून काढायचं आणि या पोरीला वाचायला द्यायचं. बाळ, तुझ्या आजीचं काहीही मिक्स झालं नव्हतं. चौथ्या खंडात मी एक खिंड दक्षिणेला म्हणालो, तर तिने सांगितलं, मागच्या महिन्यात तू ती उत्तरेला सांगितली होतीस. मी पान उलटून पाहिलं, उत्तरेलाच होती. तिने तुला जे सांगितलं ते तिने ऐकलं होतं तसंच, शब्दाला शब्द. तुझ्या पप्पांनाही हे सांग. मला ते स्वतः सांगणं जमणार नाही, हे मला आता माहीत आहे.

कारण मला ताईलाही सांगणं जमलं नाही. ती दवाखान्यात होती तेव्हा एका दुपारी मी ठरवून गेलो होतो. बसमध्ये वाक्य पाठ केलं, स्वारगेटला बदलताना पुन्हा म्हणून पाहिलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. ताई जागी होती. माझी पावलं ओळखून म्हणाली, "आलास? बस."

मी बसलो. तिचा हात हातात घेतला. "ताई, ती नावाडीण," मी म्हणालो.

तिने मान माझ्या बाजूला वळवली. "सापडली का?"

मला कुणी अडवलं नाही. नर्स आली नाही, फोन वाजला नाही. तिला ऐकायचं होतं, आणि मी तिथे होतो.

"नाही गं," मी म्हणालो. "सहज आठवली."

"मलाही आठवते," ताई म्हणाली, आणि थोड्या वेळाने तिला झोप लागली.

पाठ केलेलं वाक्य घेऊन मी परत बसमध्ये बसलो. ते अजून तसंच आहे. ताई, नाव उलटली नव्हती. मी दमलो होतो आणि मला घरी जायचं होतं. ती पलीकडे पोहोचते. मला माफ कर.