नखाखालची कळ

आमच्या डिंभ्याकडे भाताच्या आवणीला, म्हणजे रोपं लावायला, बाई मागे हटत नाही. मी मात्र खाचराच्या गार पाण्यात हात घातला रे घातला की किंचाळायची. उजव्या हाताचं मधलं बोट, त्याच्या नखाखाली तिळाएवढी जागा, पण कळ थेट खांद्यापर्यंत जायची. वरून बघावं तर बोट धडधाकट. सूज नाही, पू नाही.

"नखुरडं असंल," सासूबाई म्हणाल्या आणि लिंबाला भोक पाडून माझ्या बोटावर बसवलं. नखुरड्याला आमच्याकडे हाच इलाज. एक वाळलं की दुसरं. लिंबासकट भाकऱ्या थापायच्या म्हणजे प्रत्येक भाकरीत खड्डा!

"वहिनी, सरबताला द्या की एक," दीर चिडवायचा.

तीन पावसाळे गेले, कळ काही गेली नाही. मग सासूबाईंचं मतच फिरलं. भर आवणीत, सगळ्या बायांसमोर म्हणाल्या, "लावणीला दुखतं, घास घ्यायला नाय दुखत?" बाया हसल्या. अस्सा राग आला! बोटापेक्षा ते हसणं जास्त झोंबलं.

शेवटी नवऱ्यामागे टुमणं लावून पुण्याचा मोठा दवाखाना गाठला. माझं सोंग उघडं पडलेलं बघायला सासूबाईही गाडीत बसल्या. डॉक्टरीणबाई टाचणीच्या डोक्यानं नखावर जागोजागी दाबत होत्या. एका ठिकाणी टेकवलं आणि मी अशी ओरडले की बाहेरची माणसं दारात डोकावली. बाई मात्र खूश! "सापडली! बारीक गाठ आहे, फार क्वचित होते. कॅन्सर नाही. काढली की दुखणं संपलं." त्यांचा मुकाच घ्यावासा वाटला मला.

काढलेली गाठ त्यांनी बाटलीत दाखवली. नाचणीच्या दाण्याएवढी. सासूबाईंनी बाटली खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ पाहिली.

पुढच्या आवणीला मी श्वास रोखून खाचरात हात घातला. पाणी गार होतं, नुसतंच गार. मला हसूच आवरेना. बाया बघायला लागल्या.

तेवढ्यात बांधावरून सासूबाईंचा खणखणीत आवाज आला. "आगं ए, ऐका समद्या! हिचं खरंच दुखत व्हतं. लई दुखत व्हतं. माजंच चुकलं."

माझे डोळे भरून आले. म्हटलं, "आत्याबाई, आता बोलत काय उभ्या राहिलात? या की खाली!"

साडी खोचून त्या उतरल्या आणि माझ्या शेजारी लावायला लागल्या.