अक्काच्या काउंटरवरचे हात

दाजी स्वतःहून मला कधीच फोन करत नसत. बोलायचं खातं अक्काकडे. त्यामुळे लातुरात भाजी निवडत असताना मोबाइलवर त्यांचं नाव दिसलं तसा मी ओल्या हातानंच फोन उचलला. "तू ये," एवढंच म्हणाले. अक्का, माझी थोरली बहीण, अंगण झाडता झाडता खाली बसली ती पुन्हा उठलीच नाही. आता महिना होत आला, तरी फोन वाजला की आधी मी नाव बघते.

नांदेडला दोघांचं हार्डवेअरचं दुकान. माल काढून द्यायचे दाजी, शंका फेडायची अक्का. घरातल्या मांडण्या आणि पाट स्वतः ठोकून ती ही विद्या शिकली होती. हल्ली व्हिडिओ बघून घरीच स्टूल, रॅक करायची हौस लोकांना फार. मग ते तडकलेली फळी घेऊन दुकानात हजर. "अक्का, स्क्रू पिळला की फळी फाटून राहिली." "आधी बारीक भोक पाडा की बाबा. लाकडाला जागा नको का?" रंधा खरवडतो? फळी उलटी फिरवून धरा. जोड हलतो? गम लावून रात्रभर आवळून ठेवा, सारखं हलवून बघू नका. तोच प्रश्न कितीदाही आला तरी ती वैतागत नसे.

फक्त ग्रायंडरचं नाव निघालं की तिचा चेहरा उतरायचा. लोखंड, फरशी कापायचं ते मशीन पुष्कळांच्या घरी असतं. त्यालाच लाकडाचं दातेरी पातं बसवलं की झालं, दुसरं मशीन कशाला, असं नवशिक्यांना वाटतं. पातं लाकडात अडकलं की मशीन हातातून उसळतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. "समोरच्या दुकानात देऊन राहिले," असं गिऱ्हाईक म्हणालं, तरी अक्का पातं देत नसे. वर रात्री जेवताना घास हातात धरून म्हणायची, "त्यानं तिथून घेतलं असंल का हो?" दाजी भाकरी मोडत राहायचे.

गिऱ्हाईक पुन्हा आलं की त्यानं आधी दोन्ही हात काउंटरवर ठेवायचे, हा तिचा नेम. केलेल्या वस्तूचा फोटो नंतर. मी चिडवायची, "अक्का, हस्तरेषा बघतीस का?"

"रेषा न्हाई गं. बोटं बघते."

दिवसकार्य उरकल्यावर दाजींनी तिचा मोबाइल माझ्याकडे दिला, लोकांना कळवायला. त्यात लोहा गावच्या एका तरुण मास्तरांचा मेसेज होता, ती गेली त्याच सकाळचा. 'पहिल्या बाळासाठी पाळणा करून राहिलो. ग्रायंडरला लाकडाचं पातं चालंल का?' उत्तर अर्थातच गेलेलं नव्हतं. मी घाईघाईनं लिहिलं, लावू नका. मेसेज पोचेना. फोन लावला, तर बंद.

मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. माझ्या मनानं तर त्या माणसाला दवाखान्यात नेऊन हाताला पट्ट्याही बांधल्या. लातूरची बस पकडायचं सोडून मी दुकानातच बसून राहिले. दर थोड्या वेळानं फोन लावायचा, बंद लागला की दाजींकडे बघायचं. मला भीती वाटत होती, तशीच अक्काला रोज वाटत असेल, हे तेव्हा समजलं. तिला मी उगाच चिडवत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक जण पायरी चढून आले. "अक्का न्हाईत का? मी लोह्याचा. पाळण्याचं इचारलं व्हतं. मोबाइल पाण्यात पडला, म्हणून म्हटलं जाऊनच यावं."

माझ्या तोंडून आधी हेच निघालं, "कापलं का लाकूड?"

"न्हाई हो. अक्कांचं उत्तर कुठं आलं? त्यांना इचारल्याबिगर हात लावला न्हाई. लेक झाली परवा. साडीच्या झोळीत झोपून राहिली."

मला रडू आवरेना. दाजींनीच त्यांना सांगितलं... मग कुणी न सांगता मास्तरांनी दोन्ही हात काउंटरवर ठेवले.

दाजींनी चष्मा लावला, वाकून एकेक बोट पाहिलं. मग आतून हातकरवत आणून समोर ठेवली. "ह्यानं कापा. वेळ लागंल, लागू द्या." मास्तर पायरी उतरले, तसे दाजी काउंटरमागून बाहेर आले. इतक्या वर्षांत त्यांचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता.

"पाळणा झाला की या. हात दाखवून जा."