टेंभुर्णीचं डिझेल

लांबच्या प्रवासाला निघायच्या आदल्या दिवशी जीपवाले मन्मथअप्पा पेशंटच्या घरी जेवायला यायचे. आमंत्रणाची वाट बघत नसत. "उद्या निघायचंय न्हवं? मंग आज भाकर तुमच्याकडं," एवढं फोनवर सांगून ते अहमदपुरात विहारामागच्या आमच्या घरी हजर झाले, तेव्हा मला वाटलं, माणूस जरा फुकट्याच दिसतो.

माझे वडील, दादा, निवृत्त पोस्टमन. त्यांच्या घशात गाठ निघाली होती आणि दर तीन आठवड्यांनी त्यांना मुंबईच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं होतं. संध्याकाळी सातला निघायचं, रात्रभर चालायचं आणि सकाळी आठच्या आत नंबर लावायचा. अप्पांनी नांदेड डेपोत एसटी चालवण्यात उभा जन्म काढला होता आणि आता ते स्वतःची जुनी जीप भाड्याने चालवत. मी मोठ्या हुशारीने मोबाइलवर नकाशा उघडून त्यांच्यापुढे धरला. अकरा तास दाखवत होता.

"ह्यो फोन कधी म्हातारा झालाय का, गुरुजी?" अप्पांनी दादांकडे बघत विचारलं. "रस्ता मला पाठ हाय. मामा पाठ न्हाईत अजून."

मग ते दादांच्या शेजारी मांडी घालून बसले. दादा एक घास किती वेळ चावतात, पाणी किती पितात, किती वेळा उठतात, उठताना भिंत धरतात का, सगळं बघत होते आणि मधूनमधून पोस्टाच्या जुन्या गोष्टी काढत होते. दादा कितीतरी दिवसांनी पोटभर बोलले. जाताना अप्पांनी वहीचं पान मागून त्यावर थांबे लिहिले. मुरूडला चहा, बार्शीला जेवण, टेंभुर्णीला डिझेल, भिगवण, लोणावळा. दादांसाठी घरचा मऊ भात डब्यात घ्यायचा आणि ढाब्यावर आपण काय खायचं ते खायचं, पण दादांच्या पुढ्यात बसून तिखट हाणायचं नाही, हेही बजावलं.

टेंभुर्णीच्या डिझेलचं मला कोडंच होतं. काटा निम्म्याच्या वर असायचा. तरी अप्पा पंपावर गाडी घालत आणि मागे वळून म्हणत, "मामा, गाडीला भूक लागली. तुमी तवर जरा पाय मोकळे करा." दादा सावकाश उतरत, पंपाच्या मागे जाऊन येत. तोवर अप्पा काच पुसत, चाकांना लाथ मारून बघत. मी अर्धवट झोपेत चरफडत बसायचो. दिवसभर शाळा, रात्री रस्ता, सकाळी रांग. त्या दिवसांत मला माणसांपेक्षा झोप जास्त प्रिय झाली होती, हे कबूल करायला आता लाज वाटत नाही.

तिसऱ्या खेपेला माझा धीर सुटला. मागच्या वेळी नंबर उशिरा लागून अख्खी दुपार बाकावर गेली होती. मी सांगितलं, टाकी अहमदपुरातच भरायची आणि बार्शी सोडून कुठेच थांबायचं नाही. अप्पा जाऊन टाकी भरून आले. दादांना विचारलं तर ते म्हणाले, मला काय, मी तर नुसता बसून असतो.

आम्ही सहालाच पोचलो. रांगेत पहिले. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो, तेवढ्यात गाडीतून उतरताना दादांचे पाय गेले. मी आणि अप्पांनी त्यांना उचलून आत नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, यांच्या अंगात पाणीच नाही, आज औषध देता येणार नाही, आठवड्याने या. मी गाडीत येऊन बघितलं, दादांची पाण्याची बाटली काठोकाठ भरलेली होती. आदल्या दुपारपासून त्यांनी घोटभरही पाणी घेतलं नव्हतं. रात्रीत कुणाला थांबवायची वेळ येऊ नये म्हणून.

दवाखान्याच्या पायरीवर अप्पा माझ्याजवळ येऊन बसले. मला वाटलं, आता ऐकवतील. ते हळूच म्हणाले, "म्हातारं मानूस गाडी थांबव म्हनत न्हाई, गुरुजी. पानी प्यायचं सोडतंय. म्हनून गाडीलाच भूक लावावी लागती."

मला रडू आलं. त्यांनी मला रडू दिलं आणि मग चहा आणला.

पुढच्या प्रत्येक खेपेला आम्ही टेंभुर्णीला थांबलो. दादा त्यानंतर वर्षभर होते. थंडीत घरीच, आपल्या खाटेवर गेले. अप्पांनी खांदा दिला.

या उन्हाळ्यात अप्पांच्याच पोटात गाठ निघाली. त्यांचा मुलगा बसवराज लातूरला नोकरीला. तो म्हणाला, गाडी मी चालवतो, पण सर, तुम्ही सोबत चला, तुम्हाला सगळं ठाऊक आहे. खरं सांगतो, जिवावर आलं होतं. तो रस्ता, ती रांग, तो बाक पुन्हा बघायची ताकद अंगात उरली नव्हती. तरी आदल्या दिवशी मी फोन केला की आज भाकरी तुमच्याकडं.

त्या खेपेनंतर महिन्याभरात अप्पा गेले. पण मला आठवते ती आदल्या दिवशीची दुपार. अप्पा भिंतीला टेकून बसले होते. अर्धी भाकरी त्यांना संपता संपत नव्हती. आम्ही पुष्कळ बोललो, डेपोचं, दादांचं. मी हात धुऊन आलो तरी त्यांच्या ताटाजवळचा पेला जसाच्या तसा भरलेला होता.

"अप्पा, पाणी."

"नगं. उद्या रातभर पोराला तरास," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "आजपासनंच सवय करायलोय."

मी खिशातून थांब्यांचा तोच जुना कागद काढला. मुरूडपुढे चहा लिहिलेला होता, तो खोडला, आणि त्यांच्यासमोरच तिथे डिझेल लिहिलं. बार्शीपुढे डिझेल. टेंभुर्णीपुढे होतंच. कागद त्यांच्या हातात दिला.

त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"टाकी भरून निघाल्यावर मुरूडला डिझेल कशाला, गुरुजी?"

"गाडीला लई भूक लागते, अप्पा."

त्यांनी कागदाची घडी केली, सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि पेला उचलून सगळं पाणी प्यायले.