मार्गासनीचा गोलकीपर आता आमचा

मंडळी, आमच्या उत्रोलीच्या फुटबॉल टीमनं यंदा मार्गासनीचा गोलकीपर घेतला. ऐकून मी चिडलेच. गेल्या वर्षी ह्याच्यामुळंच आपण हरलो होतो.

आज सराव बघायला गेले. तो पाया पडला नि हसत म्हणाला, "काकू, यंदा शिव्या समोरच्यांना द्या. माझ्या वाट्याच्या लई झाल्या."

मग आमच्या पोरांचे सगळे बॉल त्यानं अडवले. एक तर मला गोलच वाटला. हा आडवा झेपावला आणि बोटांनी बाहेर काढला. मी बघतच राहिले.

आमचे हे दर सामन्याला म्हणायचे, "हा आपल्यात पायजे." मी भांडायचे. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. आज कबूल करायला शेजारी ते नव्हते, म्हणून तुम्हाला सांगते. तुम्हाला कुणाचं म्हणणं असं उशिरा पटलंय का?