ठेवायलाही किल्ली लागतेच
किल्लीमास्तरांनी चाळीस वर्षांत गावभरची कुलपं उघडली. उघडलं नाही ते एकच, बायकोचं तोंड. ती रुसली की चार-चार दिवस घरात नुसता भांड्यांचा आवाज, असं शेजारणी सांगतात आणि शेजारणींना सगळं ऐकू येतं.

त्या दुपारी मास्तर कानशीने किल्ली घासत बसले होते. फोन आला, तो त्यांनी स्पीकरवर घेतला.

"मास्तर, ऑफिसला पंचवीस कुलपं हवीत. ॲडव्हान्स पाठवलाय, मोबाईलवर बघा. पिन टाकला की पैसे जमा."

शेजारचा शिंपी मशीन थांबवून म्हणाला, "अहो, पैसे घ्यायला पिन कशाला? पिन लागतो तो द्यायला."

"तू सुईत दोरा ओव," मास्तर म्हणाले. "तिजोरीत ठेवायचं असो नाहीतर काढायचं, किल्ली लागतेच."

आणि पिन टाकला. बायकोच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी साठवलेले तीस हजार गेले. त्या माणसाचा फोन लागेना. शिंप्याने लगेच बँकेला फोन लावून दिला. तिथल्या मुलीने तक्रार लिहून घेतली आणि विचारलं, "पिन तुम्हीच टाकलात ना, काका? मग पैसे मिळतीलच असं नाही सांगता येत."

आता बायको तोंडाला कुलूप घालणार, या तयारीनेच मास्तर घरी गेले. सगळं ऐकून ती म्हणाली, "असू द्या. एका डोळ्यानं दिसतंय अजून."

मास्तरांना काहीतरी बोलायचं होतं. तोंडच उघडेना.