नांदूरघाटच्या दरडीतलं हिरवं पान

बीडहून नांदूरघाटला जायचं कारण एकच. माझा मेहुणा दत्तोबा सांगत आला होता की तिथल्या पाटलांच्या विहिरीत, खोल काळ्या चिकणमातीत, झाडांची पानं निघताहेत. जुन्या नदीनं वाहून आणलेली पानं गाळात दबून टिकतात, हे वाचलं होतं. डोळ्यांनी बघायचं होतं. शाळेला सुटी, चैत्राचं ऊन, बायकोची कुरकुर. निघालोच.

कुणी जाणार असाल तर छकडा पहाटेच जोडायला सांगा. मांजरसुंब्याच्या घाटात उन्हानं बैल बसकण मारतात आणि गाडीवान आपल्यावरच डोळे वटारतो. भाडं आधी ठरवा, निजामाचे हाली रुपये जवळ ठेवा. इंग्रजी कलदार रुपया दिसला की दुकानदार उगाच घोळ घालतात. वाटेत भाकरी-ठेचा मिळाला. ठेच्यानं कान गरम झाले, पण पोट भरलं.

गावात शिरतो तर पाटलांच्या ओट्यासमोर ही गर्दी. मधोमध गवजाबाई, मेंढ्या राखणारी विधवा, मान खाली घालून बसलेली. सोबत आलेल्या दत्तोबानं हळूच सांगितलं: मागं पाटलांनी तिच्या मेंढ्या शेतातून हाकलल्या, ती बोटं मोडत गेली, आणि त्याच शेतातल्या विहिरीत हिरवी पानं निघून बघता बघता काळी पडली. गाव म्हणत होतं, भानामती. विहीर खणणारे मजूर पळाले होते. आता मंत्र म्हणता येऊ नये म्हणून बाईचे दात पाडून तिला वेशीबाहेर काढायचं ठरत होतं. हे बीडला सांगायला काय झालं होतं या शहाण्याला?

मी पाटलांना म्हणालो, ही बाईची नाही, नदीची करणी आहे. कधीकाळी ती इथूनच वाहायची. पुरासोबत पानं आली, संथ डोहाच्या तळाशी बसली, वर गाळ साचला. आत वारा शिरला नाही म्हणून कुजली नाहीत. आता वारा लागला की काळी पडतात. मागून कुणी तरी पुटपुटलं, मास्तरला बी करणी येतीय वाटतं.

मग सुचलं. नदीच्या कापलेल्या दरडीत तोच थर असणार. मी म्हटलं, ढेकूळ पाटलांनीच निवडायचं, पाटलांनीच फोडायचं. पान निघालं तर करणी पाटलांची म्हणणार का?

पाटील उठले. "न्हाई निघालं तर मंग मदी पडू नका, मास्तर."

सगळं गाव नदीवर. काळा थर होता, देवाची कृपा. पाटलांनी कुऱ्हाडीनं पहिलं ढेकूळ फोडलं. नुसती माती. दुसरं फोडलं. माती. प्रत्येक ढेकळात पान असतंच असं नाही, पण हे आता कोणत्या तोंडानं सांगणार? तिसरं उभं चिरलं. आत पान होतं, हिरवट, शिरन् शीर दिसणारं. पाटलांच्या तळहातावर ते काळं पडत गेलं आणि पाटील हात तसाच धरून उभे राहिले.

"सोडा बाईला," शेवटी ते म्हणाले. "उद्या हिरीत मी उतरतो."

एक पान मीही ओल्या फडक्यात गुंडाळून आणलं. घाटात फडकं वाळलं आणि बीडला पोहोचेपर्यंत त्याचा भुगा झाला. तुम्ही आणाल तर ढेकूळ न फोडताच आणा, वाटेत पाणी शिंपडत राहा. बायको अजून चिडवते, एवढ्या उन्हात मातीच आणायला गेला होतात.

मी हसतो. पण निघताना गवजाबाई छकड्याजवळ आली होती. तिनं विचारलं, तिसऱ्यात बी न्हाई निघालं असतं तर? मी म्हणालो, चौथं फोडलं असतं.

ती म्हणाली, "चवथं कोन फोडू देतंय, मास्तर?"