चारुलताच्या कम्प्युटरवरची मोडी

चिक्कडपल्लीत चारुलताचं घर नावानं कुणाला सापडायचं नाही. ‘कम्प्युटरवाल्या अम्मा’ म्हटलं की रिक्षावाला बरोबर दारात आणून सोडी. साल सत्त्याण्णव. डीटीपीच्या पाट्या गल्लोगल्ली लागल्या होत्या, पण बाकीच्यांच्या यंत्रात जे अक्षर नसे ते हिच्याकडे मिळायचं. हिंदीच्या फॉन्टात पत्रिकेचा ‘ळ’ अडला, की गिऱ्हाईक इकडे. भटजींना ॐ हवा, संस्कृतच्या मास्तरांना दीर्घ ॠ हवा, तरी इकडेच. ऑल्ट दाबून धरायचं आणि आकडे मारायचे. कुठल्या आकड्याला काय उमटतं ते तिला तोंडपाठ होतं. सकाळी देवापुढे स्तोत्र म्हणता म्हणता मध्येच ‘एकशे त्र्याऐंशी, अर्धा श’ असं निघून जाई, की बिचारी पुन्हा पहिल्या श्लोकापासून सुरू करी.

एका शनिवारी सकाळी अंबरपेठहून हिम्मतराव आणि त्यांच्या पत्नी भामाबाई आले. धूळ नको म्हणून चपला बाहेर काढायला सांगितलं, तर हिम्मतरावांनी नळावर पायसुद्धा धुतले आणि देवघरात शिरावं तसे आत आले. मूळचं बिदरकडचं शेतकरी घराणं. नोकरी सगळी तहसील कचेरीच्या दफ्तरखान्यात झालेली. नातीचं लग्न ठरलं होतं. त्यांच्या घरची रीत अशी, की पहिली पत्रिका तुळजापूरच्या आईची. ती एकच असते, मोडीत असते, आणि ती आईच्या पायाशी पोचल्याशिवाय दुसरी पत्रिका घराबाहेर पडत नाही. मंगळवारी ती पोचायला हवी, म्हणजे सोमवारी संध्याकाळी सातची बस.

मोडी लिपी चारुलतानं कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती. ती म्हणाली, “काका, तुम्हाला येते ना मोडी? मग बोरूनं लिहा की चार ओळी. यंत्र कशाला?”

“आता सगळं कम्प्युटरवर होतंय,” हिम्मतराव छताकडे बघत म्हणाले. “आपुनच मागं कायकू ऱ्हायचं?”

चहा आला. हिम्मतरावांनी कप उचलला आणि बशी खडखडू लागली. भामाबाईंनी बोलता बोलता, पदर सावरावा इतक्या सहज, बशीखाली आपला हात धरला. चारुलतानं ते पाहिलं आणि पुन्हा विचारलं नाही. नंतर स्वयंपाकघरात भामाबाईंनीच सांगितलं, की पन्नास वर्षं आईची प्रत्येक पत्रिका यांच्या हातची. यंदा अकरा कागद फाडले आणि घरात सांगितलं, शाई बेकार निघाली.

मग काय, घेतलं तिनं काम. हिम्मतरावांनी लेकीच्या लग्नातल्या पत्रिकेची स्वतःच्या हातची नक्कल आणली होती. ती समोर ठेवून चारुलता एकेक अक्षर माऊसनं काढायला बसली. साबणाच्या वडीनं रांगोळी घालावी तसला प्रकार. ‘क’ची शेपटी वळवायला जावं तर तो पार कागदाबाहेर. तरी शनिवारभर बसून तिनं अक्षरं काढली, एकेका कळीवर बसवली, आणि रविवारी दुपारी त्या चार ओळी टाईप करून प्रिंट काढली. एक नाही, चांगल्या आठ प्रती. कुठली गडद, कुठली फिकट.

हिम्मतरावांनी कागद लांब धरला, जवळ धरला, आणि पहिलीतल्या पोरासारखं एकेक अक्षर लावायला लागले. तिसऱ्या शब्दाला थांबले.

“पोरी, ही मोडी नव्हं. ही रेशनच्या लाइनीतली माणसं. कुणी कुणाशी बोलंना.”

मग त्यांनी समजावलं. मोडीत आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ मारायची आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जायची. हात उचलायचा नाही, शब्दाशब्दांत जागा सोडायची नाही. चारुलतानं आपल्या बाळबोध देवनागरीच्या सवयीनं प्रत्येक अक्षराला त्याचं त्याचं छप्पर दिलं होतं. हिम्मतराव म्हणाले, लग्नघरी काय पाव्हण्यागणिक मांडव घालतात? मांडव एकच, त्याच्याखाली सगळे खेटून बसलेले.

सोमवारी तिनं सकाळी नैवेद्य दाखवला आणि पुन्हा बसली. सगळ्यांची छपरं काढली, वर एकच रेघ ओढली, अक्षरं एकमेकांना भिडवली. दुपारी तीनला पडद्यावर पत्रिका तयार झाली. हिम्मतरावांनी ती एका दमात, घोड्यावर बसल्यासारखं वाचून काढली.

भामाबाईंना कोण आनंद झाला. आईची पत्रिका लिहून झाली की बोरूला हळद-कुंकू आणि अक्षता वाहायच्या, हे त्या पन्नास वर्षं करत आलेल्या. चारुलता प्रिंटरमध्ये कागद घालायला वळली, तेवढ्यात त्यांनी कनवटीची पुडी काढून यंत्राच्या कपाळी हळद-कुंकू लावलं. मग ओल्या अक्षता. त्या कुठं वाहाव्यात म्हणून पाहिलं, तर यंत्राला बरोबर तोंडासारखी एक फट दिसली. चिमूटभर तिथं घातल्या.

यंत्र ‘कर्र’ करून गप्प झालं.

त्या फटीत फ्लॉपी होती. यंत्राच्या पोटात जागा उरली नव्हती म्हणून चारुलता मोडीची सगळी अक्षरं तिच्यावरच ठेवत होती. बंद करून चालू केलं, थोपटलं, गणपतीला नारळ बोलली. अक्षरं गेली ती गेली. दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो पलीकडून म्हणाला, “फ्लॉपी में चावल कायकू डाले अम्मा? हौ, कल आतूं.”

उद्या म्हणजे मंगळवार.

भामाबाई पदराचा बोळा तोंडात धरून कोपऱ्यात बसल्या. हिम्मतराव आता बायकोला बोलणार असं चारुलताला वाटलं, पण ते एवढंच म्हणाले, “बोरूला तोंड नसतंय. तिला काय ठावं, ह्याला असतंय.”

चारुलतानं कचऱ्याची टोपली उपडी केली. कालच्या आठही प्रती चुरगळलेल्या, पण शाबूत होत्या. तिनं कात्री घेतली, एकेक अक्षर कापलं, छप्पर तासलं, आणि तांदूळ निवडायच्या ताटात सगळी मांडली. कोऱ्या कागदावर पट्टीनं रेघा मारल्या, डिंकाची बाटली उघडली आणि पहिलं अक्षर लावलं. दुसरं उचललं आणि थांबली. ताट तिनं हिम्मतरावांपुढे सरकवलं.

“काका, मला काही कळत नाही यातलं. तुम्हीच लावा.”

तीन दिवस त्याच अक्षरांशी झटलेली बाई. तिला न कळायला काय झालं होतं? पण असल्या खोट्याला देव नावं ठेवत नसावा.

हिम्मतरावांनी तुकडा उचलला. बोटाच्या टोकावर तो पिंपळाच्या पानासारखा थरथरत राहिला. कागदाला टेकला, त्यांनी अंगठा दाबला, आणि अक्षर बसलं. शाई ओघळते, डिंक लावलेला कागद कुठं जातो? दुसरं बसलं, तिसरं बसलं. हाताची थरथर थांबली नव्हती, पण अक्षरांना त्याचं काही नव्हतं. चारुलता मागून डिंक लावून देई, एवढंच. एकदा तिनं एक तुकडा उलटा दिला, तर मनगटावर टिचकी बसली. भामाबाईंना कशालाही हात लावायची बंदी होती. त्या लांबून मांडव भरताना बघत होत्या.

साडेपाचला शेवटचं अक्षर चिकटलं. चारुलता कोपऱ्यावरून झेरॉक्स काढून आली. त्यात कापलेल्या कडा दिसत नव्हत्या, डिंकाचे डाग नव्हते; छापखान्यातून आल्यासारखी स्वच्छ पत्रिका. तिनं तीच पुढे केली.

हिम्मतरावांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले.

“झेरॉक्स भावकीला दाव. आईला हातची जाती.”

मूळ कागदाचा डिंक अजून ओला होता. तो घडी न घालता, दोन्ही तळव्यांवर नैवेद्याच्या ताटासारखा आडवा धरून ते सातची बस गाठायला रिक्षात बसले, आणि सबंध रस्ताभर रिक्षावाल्याला सांगत गेले, “आहिस्ता मियाँ, आहिस्ता.”